फोन निवडतो कोण?

माझ्या कपाटात एक जुनी नोंदवही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबासाठी दुकानात मिळते तशी. मुंबईतल्या एका खासगी कंपनीच्या प्रशासन विभागात मी तेव्हा नोकरीला होतो. अधिकाऱ्यांना कंपनीचे फोन देणे, परत घेणे आणि त्याची नोंद ठेवणे हे काम माझ्याकडे होते. तारीख, नाव, हुद्दा, फोनचा प्रकार, अनुक्रमांक, सही असे रकाने मी पट्टीने आखले होते. सुरुवातीच्या पानांवर फोनच्या रकान्यात एकच नाव वरपासून खालपर्यंत उतरत जाते : ब्लॅकबेरी. २०१०च्या पुढे त्याच रकान्यात एक नवा शब्द दिसू लागतो : ‘स्वतःचा’. शेवटच्या पानांवर तो शब्द इतका वाढतो, की लिहायचा कंटाळा करून मी खाली नुसते ‘व. प्र.’, म्हणजे वरीलप्रमाणे, असे टाकले आहे.

वहीचे काम संपले तेव्हा विभागप्रमुखांना विचारून मी ती घरी आणली. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी नाही आणि अभियंताही नाही. पण आपण सह्या घेत होतो तेव्हा जगात नेमके काय चालले होते, हा प्रश्न काही सुटेना. म्हणून कंपन्यांचे वार्षिक अहवाल, बाजारहिश्शाचे तक्ते, खटल्यांच्या हकिकती असे हाती लागेल ते वाचत गेलो. त्यातून जे समजले ते येथे मांडतो आहे.

स्मार्टफोनच्या स्पर्धेविषयी लिहिताना कोणाचा वाटा किती टक्के, हे आधी सांगण्याची पद्धत आहे. ते आकडे पुढे येतीलच. पण किती फोन विकले गेले एवढेच टक्केवारी सांगते. तो फोन निवडला कोणी, हे ती सांगत नाही. कार्यालयीन कामासाठी घेतलेल्या फोनच्या बाबतीत ग्राहक हा एक माणूस नसतो, दोन असतात. एक पैसे देतो आणि दुसरा वापरतो. ब्लॅकबेरीचा उदय पहिल्याला ओळखल्यामुळे झाला आणि अस्त दुसऱ्याला ओळखायला उशीर झाल्यामुळे. माझ्या वहीतला ‘स्वतःचा’ हा शब्द या दोघांच्या मधोमध उभा आहे.

घरपोच टपाल

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वॉटर्लू नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे १९८४ साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन तरुणांनी ‘रिसर्च इन मोशन’ ही कंपनी काढली. १९९२मध्ये जिम बाल्सिली त्यांना येऊन मिळाले. लाझारिडिस यंत्रे पाहायचे, बाल्सिली व्यवहार. जानेवारी १९९९मध्ये त्यांनी ‘ब्लॅकबेरी ८५०’ बाजारात आणला. तो फोन नव्हताच, दुतर्फी पेजर होता. घड्याळात किंवा टॉर्चमध्ये घालतो तसल्या एका साध्या पेन्सिल सेलवर तो चाले. त्यावर बोलता येत नसे. पण कार्यालयातली ईमेल त्यावर आपोआप येत असे, आणि अंगठ्यांनी दाबायच्या छोट्या बटणांवरून उत्तरही धाडता येत असे. २००२मध्ये बोलण्याची सोय असलेले ब्लॅकबेरी आले. त्यातल्या पहिल्या नमुन्यावर बोलायचे तर कानाला वायर लावावी लागे. टपाल आधी आणि बोलणे नंतर, असा हा उलटा क्रम होता.

‘आपोआप येत असे’ या तीन शब्दांत सारी कमाई होती. त्या काळी ईमेल पाहायची म्हणजे संगणक जोडून ‘काही आले आहे का’ असे विचारावे लागे; टपाल कचेरीत जाऊन खिडकीवर चौकशी करावी तसे. ब्लॅकबेरीने टपाल घरपोच केले. त्यासाठी कंपनीच्या कार्यालयात ब्लॅकबेरीचा एक वेगळा सर्व्हर बसवावा लागे. मुख्य सर्व्हरवर पत्र आले की हा सर्व्हर ते उचले, आकसून लहान करी, कुलूपबंद करी आणि वॉटर्लूच्या केंद्राकडे पाठवी. कोणता फोन या क्षणी कोणत्या देशात, कोणत्या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर आहे, हे त्या केंद्राला माहीत असे. तिथून पत्र फोनपर्यंत जाई. कुलपाची किल्ली फक्त दोन ठिकाणी : कार्यालयातल्या सर्व्हरवर आणि त्या फोनमध्ये. मोठे पत्र असेल तर आधी सुरुवातीचा छोटा तुकडाच येई. बाकीचा मागितला तर मिळे.

यामुळे तीन गोष्टी साधल्या. फोनला सतत चौकशी करावी लागत नसल्याने बॅटरी टिके. डेटा इतका थोडा लागे, की मोबाइल कंपन्या खूश असत. आणि पत्र वाटेत कोणी वाचू शकत नसे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये फोनची जाळी कोलमडली, तेव्हा ब्लॅकबेरीवरचे निरोप मात्र जात राहिले. त्यानंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना ब्लॅकबेरी देण्यात आले. जाहिरातीवर कोट्यवधी उधळूनही मिळाला नसता असा लौकिक कंपनीला त्या एका दिवसाने दिला.

पैसे देणारा आणि वापरणारा

भारतात ही सेवा २००४ साली एअरटेलने सुरू केली. आमच्याकडे ती आली तेव्हा फोन कोणता घ्यावा, असे कोणाही अधिकाऱ्याला विचारल्याचे मला आठवत नाही. विचारले गेले ते संगणक विभागाला, आणि त्या विभागाच्या मनासारखेच ते यंत्र होते. आपल्या टेबलावर बसून ते कोणत्याही फोनला पासवर्ड सक्तीचा करू शकत, कॅमेरा बंद करू शकत, नको ती सोय काढून टाकू शकत. पासवर्ड दहा वेळा चुकला की फोन स्वतःच कोरा होई. हरवला तर दुरून पुसता येई. अशा नियमांची यादी शेकड्यांनी होती.

वापरणाऱ्याला काय मिळाले? मान मिळाला, यात शंका नाही. माझ्या वहीत सही करताना काहींचा हात जरा रुबाबातच चाले. पण त्या फोनवर संकेतस्थळ नीट दिसत नसे, गाणी ऐकणे अवघड होते आणि फोटो बेतास बात निघत. शिवाय रात्री अकराला येणारे पत्रही घरपोचच होते. अमेरिकेत या फोनच्या व्यसनाला ‘क्रॅकबेरी’ म्हणू लागले, आणि २००६ साली वेबस्टर्स न्यू वर्ल्ड या कोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. वापरणाऱ्याची तक्रार कोणी मोजत नव्हते. कारण बिल तो भरत नव्हता.

याच ग्राहकासाठी इतरही झटत होते. फिनलंडच्या नोकियाने ‘ई’ मालिकेतले फोन खास कार्यालयांसाठी काढले. आपल्याकडे ‘ई ७१’ पुष्कळांच्या हातात दिसे. २००५च्या अखेरीस नोकियाने ‘इंटेलिसिंक’ ही ईमेल पोहोचवणारी कंपनी सुमारे ४३ कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. पामचे ‘ट्रिओ’ होते. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज मोबाइल’ प्रणाली अनेक कंपन्यांच्या फोनवर चाले. ही सारी स्पर्धा एकाच माणसाला जिंकण्याची होती : संगणक विभागाचा प्रमुख. पत्र किती सुरक्षित, नियंत्रण किती पक्के, सर्व्हरशी जुळते का, एवढेच प्रश्न होते.

म्हणूनच ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला तेव्हा या धंद्यातली जाणती माणसे फारशी घाबरली नाहीत. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर एका मुलाखतीत त्यावर हसले. फोन महाग आहे, त्याला कीबोर्ड नाही, त्यामुळे ईमेल करणारा व्यावसायिक ग्राहक त्याच्याकडे वळणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आज या बोलण्याची टिंगल होते. पण त्या दिवशीच्या हिशेबाने ते खोटे नव्हते. पहिल्या आयफोनवर कार्यालयाची ईमेल ढकलली जात नसे, दुरून पुसण्याची सोय नव्हती, बाहेरचे प्रोग्राम घालता येत नव्हते. पैसे देणाऱ्याच्या यादीवर तो जवळपास प्रत्येक ओळीत नापास होता.

एका परवान्याची गोष्ट

आयफोन सुंदर होता म्हणून ब्लॅकबेरी हरला, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. सुंदर फोन अधिकाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतला असता आणि घरी वापरला असता. कार्यालयात त्याला दार कोणी उघडले, हा खरा प्रश्न आहे. ते दार ६ मार्च २००८ रोजी उघडले. ॲपलने त्या दिवशी सांगितले, की मायक्रोसॉफ्टकडून ‘एक्स्चेंज ॲक्टिव्हसिंक’चा परवाना आम्ही घेतला आहे.

हे प्रकरण थोडे उलगडून सांगायला हवे. जगातल्या असंख्य कंपन्यांची ईमेल मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ सर्व्हरवर असे. २००५मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात एक सुधारणा केली. फोन सर्व्हरला विचारतो, ‘नवीन काही?’ सर्व्हर लगेच उत्तर देत नाही, प्रश्न तसाच धरून ठेवतो. पत्र आले की त्या क्षणी उत्तर देतो. बराच वेळ काहीच आले नाही तर ‘नाही’ म्हणतो आणि फोन पुन्हा विचारतो. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून माणूस सावलीला बसावा, तसे हे आहे. नंबर लागलेला असतो, पण उभे राहावे लागत नाही. दिसायला ब्लॅकबेरीसारखेच घरपोच टपाल. मात्र मध्ये वॉटर्लू नाही, वेगळा सर्व्हर नाही, दर फोनमागे महिन्याचे वेगळे भाडे नाही. पासवर्डची सक्ती आणि दुरून पुसण्याची सोयही त्यातच होती.

हा परवाना पाम आणि नोकियाने ॲपलच्या आधीच घेतला होता. मग स्वतःचे फोन-सॉफ्टवेअर विकणाऱ्या मायक्रोसॉफ्टने तो बाल्मर ज्यावर हसले त्या आयफोनला का द्यावा? मला यात व्यापाऱ्याचा साधा हिशेब दिसतो. फोनपेक्षा कार्यालयातल्या सर्व्हरची विक्री मायक्रोसॉफ्टला कितीतरी मोलाची होती. जितके जास्त फोन त्या सर्व्हरशी बोलतील, तितका तो सर्व्हर हलवणे अवघड. मायक्रोसॉफ्टने सर्व्हर राखला आणि फोन गमावला. पुढे तिने नोकियाचा फोनविभाग घेतला. तो व्यवहार एप्रिल २०१४मध्ये पुरा झाला आणि जुलै २०१५मध्ये त्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकावे लागले.

जुलै २००८मध्ये आयफोनची नवी प्रणाली आली. तिच्यात एक्स्चेंजची ईमेल, दुरून पुसणे, सुरक्षित जोडणी सगळे होते. त्याच वेळी ॲप स्टोअर सुरू झाले. २२ ऑगस्टला हा फोन भारतात आला. ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. इतक्या पैशांत फोन कोण घेणार, असे आम्ही डब्याच्या वेळी म्हणालो होतो. काही दिवसांनी आमच्याच एका वरिष्ठांनी तो संगणक विभागाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘यावर ऑफिसची मेल लावून द्या.’’ हा आदेश होता. विनंती असती तर विभागाने धोरणाकडे बोट दाखवले असते. आदेशापुढे धोरण बदलले. जगभर बहुधा असेच झाले असावे. नवा फोन कार्यालयात मागच्या दाराने शिपायाच्या हातून आला नाही. तो पुढच्या दाराने साहेबांच्या खिशातून आला.

फुगत गेलेले आकडे

आता टक्क्यांकडे येऊ. गार्टनर या संस्थेच्या तक्त्यानुसार २००९मध्ये जगातल्या स्मार्टफोन विक्रीत नोकियाप्रणीत सिम्बियन प्रणालीचा वाटा ४६.९ टक्के, ब्लॅकबेरीचा १९.९, आयफोनचा १४.४ आणि अँड्रॉइडचा अवघा ३.९ होता. आयफोन येऊन दोन वर्षे उलटली होती, तरी ब्लॅकबेरी पुढेच होता. २०१०च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्मार्टफोन वापरणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांकडे ब्लॅकबेरी होता. फेब्रुवारी २००७ला संपलेल्या वर्षात कंपनीची उलाढाल सुमारे ३०० कोटी डॉलर होती. फेब्रुवारी २०११ला संपलेल्या वर्षात ती जवळपास २,००० कोटी डॉलर झाली. ब्लॅकबेरीची सेवा घेणारे २००७च्या आरंभी ८० लाखांच्या आसपास होते. २०१२च्या सप्टेंबरात ते ८ कोटी झाले.

हे आकडे मी पहिल्यांदा ओळीने मांडले तेव्हा आपणच काही चूक केली असे वाटले. ज्याने ब्लॅकबेरीला संपवले असे म्हणतात तो फोन आल्यानंतर ब्लॅकबेरी दसपट वाढला. मग उलगडा झाला. स्मार्टफोन घेणारेच इतक्या वेगाने वाढत होते, की हरणाऱ्याचीही विक्री वाढत होती. शिवाय ग्राहक बदलत होता. इंडोनेशिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, भारत अशा देशांतली तरुण मुले ब्लॅकबेरी घेत होती, आणि तीही ईमेलसाठी नव्हे तर ‘बीबीएम’ या निरोपांच्या सोयीसाठी. मुंबईत महाविद्यालयांच्या फाटकांपाशी मुले फोन नंबराऐवजी ‘पिन’ विचारताना मी ऐकली आहेत. कंपनीच्या ताळेबंदात कार्यालये सोडणारा ग्राहक आणि फाटकावरून येणारा ग्राहक एकाच रकान्यात पडत होते. बेरीज वाढत होती, आत काय बदलते आहे ते दिसत नव्हते.

कंपनी झोपली होती, असे मात्र म्हणता येत नाही. नोव्हेंबर २००८मध्ये तिने पूर्ण पडद्याचा ‘स्टॉर्म’ आणला. अमेरिकेतल्या व्हेरायझनला आयफोन मिळाला नव्हता, तिला उत्तर हवे होते. घाईत केलेला तो फोन इतका सदोष निघाला, की मोठ्या संख्येने परत येऊ लागला. वर्षभराने व्हेरायझनने अँड्रॉइडवर चालणाऱ्या मोटोरोलाच्या ‘ड्रॉइड’मागे आपली ताकद लावली. अमेरिकेत ॲपलला टक्कर देण्याची ब्लॅकबेरीची जागा तिथे अँड्रॉइडकडे गेली. २०१०मध्ये क्यूएनएक्स ही भक्कम प्रणाली विकत घेतली, पण तिच्यावर उभा केलेला ‘ब्लॅकबेरी १०’ यायला जानेवारी २०१३ उजाडला. तोवर प्रोग्राम लिहिणारे दुसरीकडे रमले होते. बीबीएम इतरांच्या फोनवर न देता आपल्यापुरतीच राखली. ती ऑक्टोबर २०१३मध्ये खुली झाली, तेव्हा २००९पासून सर्व फोनांवर पसरत गेलेल्या व्हॉट्सॲपने मैदान घेतले होते.

मुंबईतला सर्व्हर

या कहाणीचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. ज्या कुलपामुळे ब्लॅकबेरी कार्यालयांना प्रिय होता, त्याच कुलपामुळे भारत सरकारला खटकत होता. २००८पासून सुरक्षा यंत्रणा निरोप वाचण्याची सोय मागत होत्या. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि आग्रह वाढला. ३१ ऑगस्ट २०१०पर्यंत तोडगा काढा, नाहीतर सेवा बंद, असे सरकारने बजावले. मग मुदत वाढत गेली. कंपनीचे म्हणणे असे, की सामान्य ग्राहकांच्या बीबीएमपुरती कायदेशीर सोय देता येईल. पण कार्यालयांच्या ईमेलची किल्ली आमच्याकडे नाहीच, ती त्या-त्या कार्यालयाकडे आहे. पुढे मुंबईत सर्व्हर बसवून बीबीएमपुरता मार्ग निघाला.

या वादाकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो. सरकार आणि कंपनी भांडत होते ते किल्ली कोणाकडे असावी यावर : राज्याकडे, निर्मात्याकडे की कार्यालयाकडे. ज्याच्या खिशात फोन होता त्याचे नाव या यादीत कुठेच नव्हते.

ऑक्टोबर २०११मध्ये ब्लॅकबेरीच्या यंत्रणेतला एक मुख्य स्विच बिघडला, राखीव यंत्रणाही चालली नाही, आणि युरोप, आखात, आफ्रिका, भारत, मग अमेरिका अशी सेवा तीन-चार दिवस कोलमडत गेली. सगळे टपाल एकाच केंद्रातून नेण्याची जी रचना ताकद होती, तीच कमजोरी ठरली. त्या दिवसांत माझ्या टेबलाशी येऊन गेलेल्यांचे बोलणे एकाच वळणावर येत होते : ‘‘ज्यांनी स्वतःचा फोन लावून घेतलाय, त्यांची मेल चालू आहे.’’

जानेवारी २०१२मध्ये लाझारिडिस आणि बाल्सिली प्रमुखपदावरून पायउतार झाले. २०१३च्या सप्टेंबरात न खपलेल्या फोनांमुळे एका तिमाहीत सुमारे ९६ कोटी डॉलर तोटा आणि ४,५०० जणांची कपात जाहीर झाली. २०१६मध्ये कंपनीने स्वतः फोन बनवणे थांबवले. त्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जगात विकलेल्या सुमारे ४३ कोटी स्मार्टफोनांत ब्लॅकबेरी प्रणालीचे दोन लाखांच्या आसपास होते. गार्टनरच्या तक्त्यात तो वाटा ०.० टक्के असा छापला गेला. ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या फोनांची सेवाही बंद झाली. कंपनी मात्र अजून आहे. सुरक्षेचे सॉफ्टवेअर विकते, आणि तिची क्यूएनएक्स प्रणाली जगातल्या वीस कोटींहून अधिक गाड्यांत चालते. तिथे तिचा ग्राहक पुन्हा मोटारकंपनी आहे, गाडी चालवणारा नाही.

‘स्वतःचा’

मग जिंकले कोण? वरवर पाहता वापरणारा जिंकला. त्याला हवा तो फोन कार्यालयाने मान्य केला. सॅमसंगने २०१३मध्ये ‘नॉक्स’ आणले, ॲपलने २०१४मध्ये आयबीएमशी हातमिळवणी केली, गूगलने २०१५मध्ये कामासाठीचा वेगळा कप्पा अँड्रॉइडमध्ये दिला. मोठे निर्माते कार्यालयांच्या अटी पुऱ्या करू लागले. पण आता आधी माणसाला फोन विकायचा आणि मग कार्यालयाची समजूत काढायची, असा क्रम झाला.

पण माझ्या वहीत आणखी एक रकाना आहे : खर्च. ‘स्वतःचा’ हा शब्द जिथे सुरू होतो तिथून तो रकाना रिकामा होत जातो. फोन निवडण्याचा हक्क मिळाला, त्याबरोबर फोनची किंमतही माणसाच्या अंगावर आली. आम्ही ते खर्चकपात म्हणून वर कळवले आणि आम्हाला शाबासकी मिळाली. कोणाचाही पगार त्यासाठी वाढलेला मला आठवत नाही. फोन बदलला, रात्री अकराचे पत्र तेच राहिले.

एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यात माझा हात आहे. स्वतःच्या फोनवर कार्यालयाची ईमेल लावून घेणाऱ्याने एका कागदावर सही करायची असे. नोकरी सोडताना किंवा फोन हरवल्यास कंपनी फोन दुरून पुसू शकेल, असे त्यात लिहिलेले असे. तो कागद कोणी वाचत नसे. वसुली विभागातले एक गृहस्थ नोकरी सोडून गेले. यादीप्रमाणे त्यांचे नाव मी संगणक विभागाला दिले, आणि तिथल्या मुलाने माझ्यासमोर बटण दाबले. त्या काळात पुसणे म्हणजे सगळेच पुसणे. फक्त कार्यालयाचा भाग वेगळा काढण्याची सोय आमच्याकडे नव्हती. दोन दिवसांनी ते आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘‘भाऊ, ऑफिसची मेल पुसा म्हटलं होतं. माझा फोन कुठे पुसा म्हटलं होतं?’’ वडिलांच्या शेवटच्या आजारपणातले फोटो त्यात होते. दुसरीकडे ठेवलेले नव्हते. मी त्यांना सहीचा कागद दाखवला. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. तसा कागद दाखवायला नको होता, हे मला आज वाटते.

ही गोष्ट कार्यालयांपुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना नोंदी भरण्यासाठी सरकारने फोन दिले होते. ऑगस्ट २०२१मध्ये हजारो सेविकांनी ते फोन परत केले. मेमरी अपुरी, फोन तापतो, बिघडला तर दुरुस्तीचा भुर्दंड, आणि ज्यात नोंद करायची ते ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. काम अडू नये म्हणून कित्येकींनी घरातल्या माणसांचे फोन वापरले होते. हे वाचताना मला माझी वही आठवली. येथेही निवडणारा एक आणि वापरणारी दुसरी. आणि निवड फसली तेव्हा भार पडला तो ‘स्वतःच्या’ फोनवर. घरोघर सामान पोहोचवणारी मुले, रिक्षा-टॅक्सी चालवणारे, क्यूआरचा फलक लावून बसलेले भाजीवाले हे सगळे आज व्यावसायिक ग्राहकच आहेत. त्यांच्यासाठी कोणी नोंदवही आखलेली नाही. फोन त्यांचा, हप्ता त्यांचा, फुटला तर काचही त्यांची. ॲपचे नियम मात्र दुसऱ्याचे.

म्हणून बाजारहिश्शाचे नवे आकडे छापून आले, की मी आता त्यांच्याजवळ मनातल्या मनात तीन रकाने आखतो : फोन कोणी निवडला, पैसे कोणी दिले आणि तो पुसण्याचा अधिकार कोणाकडे आहे. ब्लॅकबेरीच्या काळात तिन्ही रकान्यांत कार्यालयाचेच नाव होते. आज पहिल्या दोहोंत माणसाचे आहे. तिसऱ्यात अजून आपण न वाचता सही केलेला कागद आहे.

नोकरी सोडली तेव्हा वहीतली शेवटची नोंद माझीच होती. फोनच्या रकान्यात ‘व. प्र.’ लिहिले, सही केली. संगणक विभागातल्या त्या मुलाने विचारले, ‘‘काका, फोटो कुठे काढून ठेवलेत ना?’’ मी हो म्हटले, आणि त्याने बटण दाबले.